शासकीय पदासाठी बायोडाटा आणि सोबतचे पत्र : छाननीच्या टेबलावरून

राजापूर तालुक्यातील एका भगिनीने प्रश्न विचारला आहे. जिल्हा स्तरावरील एका आरोग्य कार्यक्रमात लेखा सहायकाचे कंत्राटी पद निघाले असून अर्जासोबत बायोडाटा आणि कव्हर लेटर मागितले आहे. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर आहेत. आधी पतसंस्थेत आणि नंतर एका शासकीय कार्यालयात कंत्राटी तत्त्वावर मिळून त्यांना साडेपाच वर्षांच्या आसपास अनुभव आहे. तरीही यापूर्वीचे दोन्ही अर्ज मुलाखतीपर्यंत न पोहोचता छाननीतच बाद झाले. इंटरनेटवरचे नमुने पाहून बायोडाटा चांगला सजवला होता, मग चुकले कुठे, असे त्या विचारतात. मी कोकणातल्या एका जिल्हा कार्यालयाच्या आस्थापना शाखेत बरीच वर्षे काम केले आणि अशा अर्जांचे गठ्ठे स्वतः तपासले आहेत, म्हणून हे उत्तर सविस्तर देतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, तलाठी, लिपिक-टंकलेखक, जिल्हा परिषदेची सरळसेवा भरती या सर्व ठिकाणी ऑनलाइन अर्ज भरायचा असतो आणि निवड परीक्षेच्या गुणांवर होते. तेथे बायोडाटा कोणी मागत नाही आणि पाठवला तरी कोणी पाहत नाही. बायोडाटा आणि पत्राला महत्त्व येते ते कंत्राटी पदांना, थेट मुलाखतीच्या पदांना, तासिका तत्त्वावरील अध्यापकांना आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील किंवा त्याच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील संशोधन प्रकल्पांवरच्या मुदतीच्या पदांना. आपला प्रश्न या दुसऱ्या गटातला आहे.

खासगी कंपनीत बायोडाटा वाचणारा माणूस उमेदवाराबद्दल मत बनवत असतो. शासकीय छाननीत मात्र मत बनवण्याचा अधिकार त्या टेबलावर कोणालाच नसतो. तेथे एक आडवा तक्ता असतो : अनुक्रमांक, नाव, जन्मदिनांक, विहित दिनांकास वय, प्रवर्ग, शैक्षणिक अर्हता, टक्केवारी, संगणक अर्हता, अनुभव वर्षे-महिने-दिवस, आणि शेवटी शेरा. लिपिक एकेक अर्ज उघडतो, जाहिरातीतील अट वाचतो, अर्जात ती माहिती शोधतो, तिला आधार देणारा कागद मागे जोडलेला आहे का ते पाहतो आणि रकाना भरतो. त्याला माहिती सापडली आणि कागदही सापडला तर गुण मिळतात. माहिती आहे पण कागद नाही, किंवा कागद आहे पण बायोडाट्यात त्याचा उल्लेख नाही आणि तो चाळीस पानांच्या मध्ये कुठेतरी अडकलेला आहे, असे झाले की शेऱ्याच्या रकान्यात ‘अनुभव सिद्ध होत नाही’ असे लिहिले जाते. त्यात दुष्टावा नसतो. ज्या कागदावर त्याला सही करायची असते, त्यावर उद्या माहितीच्या अधिकारात कोणीही प्रश्न विचारू शकतो, म्हणून जे दिसत नाही ते तो गृहीत धरत नाही. आपला बायोडाटा लिहिताना हा माणूस डोळ्यांसमोर ठेवा. बायोडाट्याची प्रत्येक ओळ जाहिरातीतील एखाद्या अटीला उत्तर देणारी आणि मागे जोडलेल्या एखाद्या कागदाकडे बोट दाखवणारी हवी.

म्हणून बायोडाट्याआधी जाहिरात हातात घ्या आणि पेन्सिलीने अटी अधोरेखित करा. पदाचा अनुक्रमांक, किमान अर्हता, इष्ट अर्हता, वय कोणत्या दिनांकास मोजायचे, अनुभव कोणत्या प्रकारचा हवा आणि गुणांकन कसे होणार, हे सर्व बहुतेक वेळा जाहिरातीतच असते, फक्त ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. विहित नमुना दिला असेल तर त्याचा रकाना बदलू नका, क्रम बदलू नका, आणि ‘सोबत बायोडाटा पाहावा’ असे लिहून रकाना रिकामा ठेवू नका. बायोडाटा हा नमुन्याला पूरक असतो, त्याच्या जागी तो चालत नाही.

आता नावापासून सुरुवात करू, कारण कोकणातील विवाहित मुलींचे अर्ज येथेच अडखळतात. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पतसंस्थेच्या अनुभव प्रमाणपत्रावर एक आणि कार्यालयाच्या आदेशावर दुसरे, असे चार कागद समोर आले की ते एकाच व्यक्तीचे आहेत हे छाननी करणाऱ्याने कशावरून मानायचे? बायोडाट्यात पहिल्या ओळीत दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव जसेच्या तसे लिहा, त्याखाली ‘विवाहानंतरचे नाव’ असा वेगळा रकाना करा, आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावात बदल केल्याचे राजपत्र जोडून त्याचा पान क्रमांक तेथेच द्या. लग्न गावी झाले आणि नोंदणी राहून गेली असेल तर ग्रामपंचायतीत ती आजच करून घ्या. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून ती वेळेत मिळतेच असे नाही.

पत्ता लिहिताना ‘मुक्काम’ आणि ‘पोस्ट’ वेगळे लिहा. आपल्याकडे वाडी एक, महसुली गाव दुसरे आणि टपाल कार्यालय तिसऱ्याच गावात, असे सर्रास असते, आणि ‘मु. पो.’ एकत्र लिहिल्याने मुलाखतीचे पत्र नदीपलीकडच्या टपालात पडून राहिल्याचे मी पाहिले आहे. हल्ली बहुतेक कळवणे ई-मेलवर आणि संकेतस्थळावर होते, तरी पत्ता पूर्ण हवा आणि मोबाइल क्रमांक असा द्यावा, जो भरती संपेपर्यंत बदलणार नाही. वाडीत रेंज येत नसेल तर घरातील दुसऱ्या व्यक्तीचा पर्यायी क्रमांकही लिहावा.

जन्मदिनांकापुढे नुसते ‘वय २८’ लिहू नका. समजा जन्म १४ ऑगस्ट १९९६ चा आहे आणि जाहिरातीत १ जुलै २०२५ रोजीचे वय विचारले आहे, तर ‘२८ वर्षे १० महिने १७ दिवस’ असे लिहा. राज्य शासनाच्या सरळसेवेत सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गास ३८ आणि मागास प्रवर्गास ४३ वर्षे आहे, पण कंत्राटी पदांची मर्यादा प्रत्येक कार्यक्रमाच्या सूचनेप्रमाणे वेगळी असू शकते, म्हणून संदर्भ फक्त आपल्या जाहिरातीचा घ्यावा.

शिक्षणाचा तक्ता करा : परीक्षा, मंडळ किंवा विद्यापीठ, निकालाचा दिनांक, एकूण गुणांपैकी मिळालेले गुण, टक्केवारी, पान क्रमांक. टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत द्यावी. १४०० पैकी ८६३ गुण असतील तर ६१.६४ लिहावे. ६२ लिहिणे ही चुकीची माहिती ठरते आणि गुणवत्ता यादीत दोन उमेदवारांमध्ये अंतर याच दशांशांचे असते. पदवीला श्रेणी मिळाली असेल तर विद्यापीठाने दिलेल्या सूत्राने टक्केवारी काढून ते सूत्र छापलेले गुणपत्रिकेचे पानही जोडावे. जाहिरातीत अंतिम वर्षाची टक्केवारी मागितली असेल तर पाचव्या आणि सहाव्या सत्राचे गुण मिळवून लिहावेत, सहाही सत्रांची सरासरी देऊ नये. निकालाचा दिनांक हा परीक्षेच्या महिन्याहून वेगळा असतो, आणि अर्जाच्या अंतिम दिनांकापूर्वी अर्हता पूर्ण होती की नाही हे त्या दिनांकावरूनच ठरते. एमएस-सीआयटी, टॅली आणि शासकीय संगणक टंकलेखन प्रमाणपत्र यांनाही हेच लागू. टंकलेखनापुढे भाषा आणि गती, म्हणजे मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट, असे स्पष्ट लिहावे.

अनुभवाच्या रकान्यावर मी सर्वाधिक थांबणार आहे, कारण आपले दोन्ही अर्ज तेथेच बाद झाले असावेत असे आपण पाठवलेल्या मजकुरावरून मला वाटते. आपण लिहिले आहे : ‘लेखाविषयक सर्व प्रकारच्या कामांचा साडेपाच वर्षांचा दांडगा अनुभव.’ या वाक्यातून तक्त्यात उतरवण्यासारखे काहीही मिळत नाही. कोणत्या संस्थेत, कोणत्या पदावर, कोणत्या दिनांकापासून कोणत्या दिनांकापर्यंत आणि नेमके कोणते काम, या चार प्रश्नांची उत्तरे त्यात नाहीत.

पतसंस्थेतील काळ आपण ३ जून २०१९ ते २८ फेब्रुवारी २०२२ असा सांगितला आहे, तो २ वर्षे ८ महिने २६ दिवस होतो. कार्यालयातील काळ आपण सरसकट ‘एप्रिल २०२२ ते जानेवारी २०२५’ असा लिहिला आहे. पण कंत्राटी नेमणुका अकरा-अकरा महिन्यांच्या असतात आणि मध्ये एका दिवसाचा तांत्रिक खंड असतो. म्हणजे आपल्याकडे तीन आदेश असतील : १ एप्रिल २०२२ ते २८ फेब्रुवारी २०२३, मग २ मार्च २०२३ ते १ फेब्रुवारी २०२४, आणि मग ३ फेब्रुवारी २०२४ ते २ जानेवारी २०२५. हे तीन आदेश तीन ओळींत, आदेशाच्या जावक क्रमांकासह आणि पान क्रमांकासह लिहा. त्यांची बेरीज २ वर्षे ९ महिने होते, आणि पतसंस्थेसह एकूण अनुभव ५ वर्षे ५ महिने २६ दिवस. हा आकडा आपणच शेवटच्या ओळीत मांडून द्या. तपासणाऱ्याला मोजणी स्वतः करावी लागली तर तो शंकास्पद कालावधी वगळतो. आयता आणि बरोबर हिशेब मिळाला तर फक्त पडताळतो. शिवाय सहा महिन्यांहून जास्त भागाला पूर्ण वर्षाचे गुण मिळणार की फक्त पूर्ण झालेली वर्षे धरणार, हे गुणांकनाच्या टिपेत असेल, ते पाहून ठेवा.

मी सेवेत असतानाचा एक प्रसंग अजून मनात आहे. खाडीकाठच्या एका गावातील मुलीचा अर्ज माझ्याकडे आला होता. तिने सहा वर्षे तीन वेगवेगळ्या योजनांमध्ये काम केले होते आणि हे मला माहीत होते, कारण त्यातील एका योजनेचे तिचे अहवाल माझ्याच शाखेत येत असत. अर्जात तिने ‘विविध शासकीय योजनांमध्ये कार्यरत’ एवढेच लिहिले आणि एकाच वर्षाचे प्रमाणपत्र जोडले. मला माहीत असून उपयोग नव्हता, समितीसमोर कागदच जाणार होता. तिला एका वर्षाचे गुण मिळाले आणि निवड यादीत तिचे नाव आले नाही. त्यानंतर जो कोणी बायोडाटा दाखवायला येतो त्याला मी पहिल्यांदा दिनांक विचारतो.

कामाचे वर्णन करताना विशेषणे काढून क्रियापदे ठेवा. ‘दांडगा अनुभव’ या जागी असे लिहिता येईल : ‘दैनंदिन रोकडवही व खतावणी लिहिणे, दरमहा बँक ताळमेळ पत्रक तयार करणे, तालुक्यातील आरोग्य केंद्रांकडून आलेली खर्चाची देयके तपासून मासिक खर्च अहवाल सादर करणे, उपयोगिता प्रमाणपत्रांचे मसुदे करणे, लेखापरीक्षणातील आक्षेपांची पूर्तता करणे, पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर नोंदी घेणे.’ यातील जे आपण खरोखर केले तेवढेच लिहा. मुलाखतीत समितीतील लेखा अधिकारी ‘ताळमेळात फरक आला तर प्रथम काय पाहाल?’ असे विचारतात, आणि न केलेले काम त्या एका प्रश्नात उघडे पडते. अनुभव प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक, दिनांक, पदनाम, रुजू व कार्यमुक्तीचा दिनांक, कामाचे स्वरूप, सक्षम अधिकाऱ्याची सही आणि शिक्का यांसह असावे. पतसंस्थेकडून नवे प्रमाणपत्र घेताना कामाचे स्वरूप त्यात आवर्जून लिहून घ्या. ‘वर्तणूक चांगली होती’ एवढ्याने लेखा अनुभव सिद्ध होत नाही.

प्रवर्ग आणि समांतर आरक्षण (म्हणजे महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त अशा गटांसाठी राखीव जागा) यांचा दावा अर्जातच करावा लागतो, नंतर तो मान्य होत नाही. विवाहित स्त्रीचा जातीचा दाखला माहेरच्या कागदांवर असतो आणि नॉन क्रीमीलेअरसाठीही आईवडिलांचीच स्थिती पाहिली जाते, म्हणून ते कागद माहेराहून आधीच आणून ठेवा. राज्याच्या पदासाठीचा इतर मागास वर्गाचा दाखला केंद्राच्या पदाला चालत नाही, तेथे केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो, हे कोकण रेल्वेसाठी अर्ज करणाऱ्या कुणबी मुलामुलींनी विशेष ध्यानात ठेवावे. त्याच रेल्वेसाठी ज्यांची जमीन गेली त्यांनी भूसंपादनाचे कागद, आणि तिलारी धरणासारख्या प्रकल्पात ज्यांच्या कुटुंबाची जमीन गेली त्यांनी प्रकल्पग्रस्ताचे प्रमाणपत्र, बायोडाट्यात पहिल्याच पानावर नमूद करावे. घरात कपाटात पडून असलेले हे प्रमाणपत्र अर्जात न लिहिल्यामुळे संधी गेलेली मुले मला दर भरतीत भेटतात आणि त्याचे फार वाईट वाटते.

बायोडाट्यातून काय काढावे तेही सांगतो. ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ नावाचा इंग्रजी परिच्छेद, छंद, रंगीत पट्ट्या, कौशल्यापुढील तारे आणि अपेक्षित वेतन, हे सर्व काढून टाका. कंत्राटी पदाचे मानधन जाहिरातीत ठरलेले असते. क्षेत्रीय पद असेल तर मात्र दुचाकी परवाना, तालुक्यातील वाड्यावस्त्यांची माहिती आणि मालवणी किंवा अन्य स्थानिक बोली येत असल्याचे जरूर लिहा. आरोग्याच्या कामात ज्या घरी जायचे त्या घरची बोली येणे ही खरी पात्रता आहे, असे माझे मत आहे, आणि मुलाखत समितीतील डॉक्टरही तिची दखल घेतात.

सोबतचे पत्र म्हणजे आपल्या परंपरेतील अर्जच. ते एका पानाचे आणि मराठीत असावे. राज्याचा कारभार १९६४ च्या राजभाषा अधिनियमानुसार मराठीतून चालतो, त्यामुळे जाहिरात इंग्रजीत नसेल तर इंग्रजी पत्राचे कारण नाही. आपल्या पदासाठी मी ते साधारण असे लिहीन :

‘प्रति, मा. सदस्य सचिव, जिल्हा निवड समिती. विषय : लेखा सहायक (कंत्राटी) पदासाठी अर्ज सादर करण्याबाबत. संदर्भ : आपल्या कार्यालयाची जाहिरात क्रमांक अमुक, दिनांक अमुक, पद अनुक्रमांक ७.

महोदय, उपरोक्त संदर्भीय जाहिरातीस अनुसरून मी लेखा सहायक पदासाठी अर्ज सादर करीत आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून अंतिम वर्षी ६१.६४ टक्के गुण मिळाले आहेत (पान ५). टॅली व एमएस-सीआयटी ही जाहिरातीत नमूद केलेली प्रमाणपत्रे मी अर्जाच्या अंतिम दिनांकापूर्वी प्राप्त केली आहेत (पान ७ व ८). मला लेखाविषयक कामाचा एकूण ५ वर्षे ५ महिने २६ दिवसांचा अनुभव असून त्यापैकी २ वर्षे ९ महिने शासकीय कार्यालयातील आहेत (पान ९ ते १४). या काळात मी मासिक खर्च अहवाल व उपयोगिता प्रमाणपत्रांचे मसुदे तयार करण्याचे काम केले आहे. विहित नमुन्यातील अर्ज, बायोडाटा व स्वयंसाक्षांकित प्रती सोबत जोडल्या आहेत. माझ्या अर्जाचा विचार व्हावा, ही विनंती. आपली विश्वासू,’ आणि खाली सही, पूर्ण नाव, मोबाइल, दिनांक, त्याखाली सहपत्रांची क्रमवार यादी.

या पत्रात घरच्या परिस्थितीचा उल्लेख नाही, हे आपल्या लक्षात येईल. आंब्याचे पीक गेले, वडील आजारी आहेत, घरात कमावते कोणी नाही, हे सर्व खरे असते आणि वाचताना मन हलतेही, पण त्याला तक्त्यात रकाना नाही आणि गुण देता येत नाहीत. ती जागा पात्रतेच्या एका वाक्याला द्या. लोकप्रतिनिधीचे शिफारसपत्र तर कधीही जोडू नका. अनेक जाहिरातींत दबाव आणणाऱ्या उमेदवारास अपात्र ठरवण्याची अट स्पष्ट असते.

स्वतःच्या सहीने प्रती साक्षांकित करण्याची सोय राज्यात २०१५ पासून आहे, त्यामुळे राजपत्रित अधिकारी शोधत फिरावे लागत नाही, पण प्रत्येक प्रतीवर सही मात्र हवी. ई-मेलने पाठवायचे असेल तर एकच पीडीएफ करा. वर्डची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठी फॉन्ट बदलून अक्षरे चौकोनी होतात. टपालाने किंवा हातोहात द्यायचे असेल तर लेझर प्रिंट घ्या. आषाढात लिफाफा भिजून इंकजेटची शाई पसरलेले अर्ज मी हीटरजवळ वाळवले आहेत, आणि त्यातील मोबाइल क्रमांक शेवटपर्यंत वाचता आले नव्हते. जाहिरातीत ‘अर्ज पोहोचण्याचा अंतिम दिनांक’ असे असते, टपालात टाकल्याचा दिनांक धरत नाहीत. पावसात घाटात दरड आली किंवा मध्ये गणपतीच्या सुट्ट्या आल्या की चार दिवस सहज जातात. शक्य असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन आवक शाखेत अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि दिनांकासह पोहोच घ्या.

सर्व पानांना उजव्या कोपऱ्यात हाताने क्रमांक घाला आणि संपूर्ण संचाची एक झेरॉक्स आपल्याजवळ ठेवा. छाननीनंतर पात्र-अपात्र उमेदवारांची तात्पुरती यादी लागते आणि हरकतीला थोडेच दिवस मिळतात. त्या वेळी नवा कागद स्वीकारत नाहीत, आधी जोडलेल्या कागदाकडे लक्ष वेधता येते. ‘माझ्या अर्जातील पान ९ ते १४ वर तीन आदेश जोडलेले असून त्यांचा अनुभव धरण्यात आलेला नाही’, अशी दोन ओळींची हरकत, पोहोचेच्या प्रतीसह, त्याच मुदतीत लेखी द्या.